चावीचं झाकण लावलं आणि जीप गुदमरू लागली

"मेस्त्री, टाकी फुल केली की गाडी मरत्या. अर्धी असली की पळत्या बघा."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपली महिंद्राची एमएम ५४० जीप माझ्याकडे आणली, तेव्हा सगळी तक्रार एवढ्यातच सांगितली. डिझेल गाडीबद्दल याच्या उलट ऐकायची सवय असते. टाकी तळाला गेली की गाळ वर येतो, पाईप हवा ओढतो आणि इंजिन मिस मारतं. भरल्या टाकीवर बंद पडणारी आणि निम्म्या टाकीवर सुरळीत चालणारी गाडी क्वचितच येते, आणि येते तेव्हा दोष बहुधा टाकीच्या झाकणात सापडतो. हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे, कारण चोरीला कंटाळून कुलपाचं झाकण बसवणाऱ्या जुन्या गाड्यांत असं सर्रास घडतं आणि दोष मात्र टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या माथी जातो.

गाडी आणि तिचं उघडं तोंड

जीपच्या या घराण्यात टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये पेट्रोल भरायचं तोंडही तिथेच होतं. सीटची गादी उचलल्याशिवाय पेट्रोल भरता येत नसे. १९४५ साली नागरी वापरासाठी सीजे-२ए आली, तिच्यात हे तोंड बॉडीच्या बाजूला, बाहेर आलं. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे स्वतःच्या जीप बनवल्या, तरी बाहेरचं तोंड राहिलं. आपल्याकडे आलेल्या एमएम ५४०ला प्यूजोच्या परवान्याचं, महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यातलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. बॉडी मात्र त्या जुन्या घराण्याचीच.

आजच्या मोटारीत डिझेलच्या तोंडावर पत्र्याचा पल्ला असतो. तो आतल्या खटक्याने किंवा सेंट्रल लॉकिंगने उघडतो. झाकण साधं असलं तरी त्याच्यापर्यंत हात पोचायला आधी गाडीचं दार उघडावं लागतं. या जीपला पल्ला नाही, खटका नाही. कापडी हूडच्या गाडीला दाराचं कुलूपही नसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याचा हात थेट झाकणावर पडतो. म्हणून अशा गाडीला कुलपाचं झाकण ही चैन नाही. ती मालकाची खरी गरज आहे, आणि 'कुलूप काढून टाका' हा सल्ला मी देणार नव्हतो.

मालकाची जीप रात्री घरापासून लांब, रस्त्याकडेच्या गोठ्याजवळ उभी असते. डिझेलचा काटा बंद असल्याने तो वेताच्या काठीने टाकी मापतो. ऊसतोडीच्या हंगामात सकाळची काठी रात्रीच्या काठीपेक्षा कमी भिजू लागली. आधी त्याने गळती शोधली. जमीन कोरडी होती. मग तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं म्हणून दिलेलं चावीचं झाकण आणलं. ते बसलं, फिरलं, कुलूप लागलं. चोरी थांबली. त्यानंतर टाकी भरून केलेल्या पहिल्याच लांबच्या फेरीत जीप रस्त्यात थांबली.

माझ्याकडे येण्याआधी काय काय झालं

गावातल्या मेकॅनिकने लाइन उघडली तर डिझेलमध्ये बुडबुडे. त्याने निदान केलं, गाडी एअर घेतेय. ते चूक नव्हतं. त्याने एअर काढली, डिझेल फिल्टर बदलला, बँजो बोल्टखालचे, म्हणजे डिझेल पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे, तांब्याचे वायसर नवे घातले. गाडी दोन-चार दिवस ठीक चालली, पुन्हा थांबली. मग फीड पंप खोलून त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, बदलला. पुन्हा तेच. त्यानंतर पंपापासून टाकीपर्यंतचा पाईप नवा टाकला.

एवढा खर्च होऊनही मालकाला एक गोष्ट खटकत राहिली होती आणि ती त्याने मला आपणहून सांगितली, "बंद पडली की मी च्या पितो. तंवर ती बरी हुती." गाडी बंद पडल्यावर अर्धा-पाऊण तास नुसती उभी राहिली तरी पुन्हा सुरू व्हायची. डायफ्रॅम फाटला असेल तर तो चहा पिईपर्यंत शिवला जात नाही. फिल्टर चोंदला असेल तर तो आपोआप मोकळा होत नाही. उभ्या उभ्या बरा होणारा दोष बहुतेक वेळा दाबाचा किंवा तापमानाचा असतो.

तपास अवघड नव्हता. टाकी गळ्यापर्यंत भरून गारगोटीच्या रस्त्याला लागलो. जाण्याआधी फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक पाईपचा एक तुकडा जोडला, म्हणजे डिझेल दिसत राहील. पहिले काही किलोमीटर पाईप स्वच्छ होता. मग एकेक बुडबुडा येऊ लागला, मग बुडबुड्यांची माळ लागली, मग चढाला पिकप गेला आणि इंजिन आचके देऊ लागलं. बाजूला घेऊन, इंजिन बंद न करता, चावी लावून झाकण सैल केलं. हवा आत शिरतानाचा 'सूंऽऽ' असा आवाज रस्त्यावर उभ्या असलेल्या मालकालाही ऐकू आला. मिनिटभर इंजिन रेस केलं, बुडबुडे निघून गेले, आणि त्याच चढाला जीप तिसऱ्या गियरमध्ये चढली.

एका आवाजावर विसंबायचं नाही म्हणून परत येताना झाकण नुसतं टेकवून वर कापड बांधलं आणि तोच रस्ता, तेवढाच भार घेऊन चाललो. पाईप शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. बाकी काहीही न बदलता एकच गोष्ट बदलून दोन्ही बाजू बघितल्या, म्हणून निदान पक्कं म्हणता आलं.

टाकीला हवा का लागते

इंजिन डिझेल जाळतं तेवढी जागा टाकीत रिकामी होते. ती जागा भरायला बाहेरून हवा यावी लागते. फीड पंप जेवढं ओढतो त्यातलं काही डिझेल रिटर्न पाईपने टाकीत परत येतं, पण जळालेलं परत येत नाही. हवेला वाट नसेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला त्या पोकळीविरुद्ध ओढावं लागतं.

आता भरल्या टाकीचं कोडं. हिशेबासाठी टाकी ४० लिटरची धरू. गळ्यापर्यंत भरली तर वर समजा २ लिटर हवा उरते. दहा-अकरा किलोमीटरला एक लिटर जळलं की ती २ लिटर हवा ३ लिटरच्या जागेत पसरते. दाब दोन तृतीयांश उरतो. आणखी एक लिटर जळलं की निम्मा. म्हणजे वीसेक किलोमीटरमध्ये टाकीतली हवा अर्ध्या दाबावर. आता टाकी निम्मी असती तर वर २० लिटर हवा असती. तेच दोन लिटर जळल्यावर ती २२ लिटरमध्ये पसरते आणि दाब एकाला ०.९१ एवढा राहतो. पंपाला ते जाणवतही नाही. मालक एरवी थोडं थोडं डिझेल भरून जवळच्या फेऱ्या करायचा. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की हवा आत जायची आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. लांब जायचं म्हणून टाकी फुल केली की गाडी मरायची. त्याचं वाक्य शब्दशः खरं होतं.

प्रत्यक्षात दाब एवढा खाली जात नाही, कारण कोणतंही पॅकिंग शंभर टक्के बंद नसतं. कुठून तरी हवा झिरपते. चहाच्या वेळेत गाडी बरी व्हायची ती त्यामुळेच. आणि बुडबुड्यांचं कारणही तेच. ओढ वाढली की सक्शनच्या बाजूचा प्रत्येक सांधा, प्रत्येक वायसर पारखला जातो. जो सांधा एरवी चोख असतो तो पोकळी वाढल्यावर हवा आत घेतो. गावातल्या मेकॅनिकने वायसर बदलले तेव्हा फरक पडला, कारण त्याने हवेची एक वाट बंद केली. ओढ मात्र तशीच राहिली, म्हणून हवेने दुसरी वाट शोधली.

या ओढीची ताकद लहान समजू नये. दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो एवढाच फरक धरला आणि टाकीची एक बाजू ४० बाय ३० सेंटिमीटरची असली, तर त्या पत्र्यावर ३६० किलोचा भार येतो. या जीपच्या टाकीचा वरचा पत्रा मधोमध आत गेलेला होता. मालकाला वाटत होतं कुणीतरी सीटवर जड पोतं आदळलं.

उलटी बाजूही आहे. उन्हात डिझेल फुगतं. दर अंशाला हजारात साधारण ०.८ भाग, म्हणजे ४० लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तर सहाशेहून जास्त मिलिलिटर वाढतं. गळ्यापर्यंत भरलेली आणि पूर्ण बंद टाकी दुपारी उन्हात उभी राहिली तर हे वाढलेलं डिझेल कुठून तरी वाट काढणारच. म्हणून जुन्या डिझेल गाडीच्या झाकणाने दोन्हीकडे श्वास घ्यायला हवा. हवा आत सहज यावी, दाब वाढला तर बाहेर जावा, आणि गाडी कलली तरी डिझेल मात्र सांडू नये.

झाकण शोधणं

इथून खरं काम सुरू झालं. 'एमएम ५४०चं चावीचं झाकण द्या' म्हटलं की दुकानदार काहीतरी काढून देतो, पण ते या गाडीला बसेल याची हमी नसते. जीपचं तोंड कायम एकच राहिलेलं नाही. युद्धकाळातल्या विलीसमध्येही आधी अरुंद तोंडाची टाकी होती, मग रुंद तोंडाची आली. आपल्याकडे तर या गाड्या तीस-पस्तीस वर्षं चालल्या आहेत. टाक्या गंजल्या, बदलल्या, कुणी दुसऱ्या मॉडेलची बसवली, कुणी पत्रा वाकवून स्थानिक बनवून घेतली. या जीपची टाकीही मुळातली नव्हती. वेल्डिंगची शिवण बघूनच कळत होतं. म्हणून तिची मापं इथे छापण्यात अर्थ नाही. तुमच्या जीपला ती लागू पडणार नाहीत. मापं कशी घ्यायची ते मात्र प्रत्येक गाडीला लागू आहे.

आधी जात ओळखायची. तोंडाच्या आत किंवा बाहेर आटे असतील तर ते पेचाचं झाकण. आटे नसून काठाला समोरासमोर दोन खाचा असतील आणि काठाखाली उतरता पत्रा असेल, तर झाकणाचे दोन कान त्या खाचांतून आत जातात आणि पाव वळसा फिरवल्यावर उतारावर चढून घट्ट होतात. आपली जीप दुसऱ्या जातीची. दुकानातली सगळी गडबड इथेच होते, कारण तोंडाचा व्यास जुळला की झाकण 'बसलं' असं वाटतं.

व्यास हे पहिलं माप झालं. तो व्हर्निअरने काठाच्या आतून घ्यायचा, आणि चार दिशांनी. जुनं तोंड पंपाचं नोझल आपटून आपटून लंबगोल झालेलं असतं. दुसरं माप काठाच्या बाहेरचं, कारण पॅकिंग काठावर टेकतं. झाकणातलं पॅकिंग काठापेक्षा अरुंद असेल तर ते काठावर न बसता आत लोंबतं. तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी घेत नाही, ते म्हणजे काठाच्या वरच्या कडेपासून ज्या उतारावर कान अडकतात तिथपर्यंतची खोली. झाकणातही पॅकिंगच्या तळापासून कानाच्या वरच्या बाजूपर्यंत तेच अंतर मोजायचं. झाकणातलं अंतर तोंडाच्या अंतरापेक्षा किंचित कमी हवं, म्हणजे कान उतारावर चढताना पॅकिंग दाबलं जातं. एका मिलिमीटरच्या फरकाने झाकण एकतर फिरतच नाही, किंवा फिरून कुलूप लागतं आणि तरीही खुळखुळतं. चौथं, कुलपाचा ठोकळा झाकणाखाली किती खोल जातो ते. तोंडात जाळीची नळी असेल तर तो ठोकळा तिच्यावर आपटतो.

ही मापं कागदावर उतरवून आणि जुनं, बिनकुलपाचं झाकण पिशवीत घालून मी कोल्हापूरची दुकानं पालथी घातली. एक झाकण श्वासाचं होतं, व्यासही जुळला, पण त्याचे कान खोल. कुलूप टक्कन लागायचं आणि झाकण तिरकं करून ओढलं की एक कान सुटायचा. चोराला चावीची गरजच पडली नसती, आणि वळणावर डिझेल बॉडीवरून ओघळलं असतं ते वेगळंच. ट्रॅक्टरची चावीची झाकणं आपल्या भागात भरपूर मिळतात, श्वासाची असतात, धुळीचा विचार करून बनवलेली असतात. मला त्यांच्याकडून फार आशा होती, पण जी मिळाली ती या तोंडाला मोठी पडली. मधे एक कडं घालून ती बसवता आली असती. ते केलं नाही, कारण कडं तोंडावर वेल्ड करायचं तर टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून, वाफा घालवून मगच करावं लागतं. वापरलेल्या टाकीवर घाईने वेल्डिंग करून माणसं जिवाला मुकलेली आहेत. डिझेल पेट्रोलपेक्षा उशिरा पेटतं खरं, पण आपल्या मानकात त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात तो, किमान ३५ अंश सेल्सियस एवढाच ठेवलेला आहे. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पत्रा त्याच्या पुढे सहज जातो.

शेवटी एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात, मागच्या फळीवर, धातूचं झाकण मिळालं. व्यास बरोबर, कान बरोबर, श्वासाचं. खोली मात्र पाऊण-एक मिलिमीटर जास्त, म्हणजे पॅकिंग पुरेसं दाबलं जात नव्हतं. ही तूट पॅकिंगने भरून काढता येते. शिवाजी उद्यमनगरातून तेल-डिझेलला चालणारी नायट्राइल रबराची शीट आणली आणि पॅकिंग थोडं जाड कापून घेतलं. इथे एक कळकळीची विनंती. सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून घालू नका. ट्यूबचं रबर डिझेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि काही आठवड्यांत त्याचे तुकडे टाकीत पडतात. तिथून ते फिल्टरपर्यंत जातात.

पॅकिंग नीट बसलं का हे बघायला काठाला फिटरचा निळा रंग हलका फासला, झाकण लावलं, काढलं. पॅकिंगवर निळं कडं पूर्ण उमटलं पाहिजे. एका बाजूला ते तुटक आलं, कारण काठ तिथे दबलेला होता. लाकडी ठोकळा आतून लावून हलक्या हातोडीने तो काठ सरळ केला, पुन्हा निळा लावला, कडं पूर्ण आलं.

श्वास मात्र झाकण बसवायच्या आधी, दुकानातच तपासायचा. नवं कोरं झाकण असेल तर आतल्या बाजूला तोंड लावून हवा ओढून बघा. थोड्या ओढीने हवा आली पाहिजे. मग उलटी फुंकर मारा. थोडा अडसर वाटून मग हवा जायला हवी. दोन्हीकडे पूर्ण बंद असेल तर ते झाकण पेट्रोलच्या नव्या गाड्यांसाठी आहे. मालकाने आधी घेतलेलं झाकण असंच होतं. त्यात बनावटीचा दोष नव्हता. ते वेगळ्या गाडीसाठी होतं, एवढंच.

दुकानदार अशा वेळी 'खिळ्याने एक भोक पाडा' म्हणतात. हवा येईल, गाडी चालेल. पण भोकाला झडप नसते. भरली टाकी घेऊन चढाला लागलं की त्यातून डिझेल बाहेर येतं, आणि भुदरगड-आजऱ्याकडचा पाऊस त्यातून आत जातो. डिझेल इंजेक्शन पंपाच्या आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात. त्यात पाणी गेलं की दुरुस्तीचा आकडा झाकणाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

कुलूप

कुलपाबद्दल मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण ते शेवटीच बघायचं असतं. झाकणाने श्वास घेतला, कान पक्के बसले, पॅकिंग चोख लागलं, की मग कुलूप. चावी नसताना वरचा भाग नुसता गोल गोल फिरत राहणारं झाकण चांगलं. पक्कडीने धरून पिळलं तरी जोर आतल्या कानांपर्यंत पोचत नाही. ज्यात वरचा भाग आणि कान एकच असतात आणि फक्त एक छोटी जीभ फिरणं अडवते, ते पाईप पान्याने मोडतं. चावीच्या भोकावर स्प्रिंगचं झाकण हवंच. आमच्याकडे तांबडी धूळ आहे, आणि कुलपात तेल घातलं की ती धूळ आत चिकटून चकत्या अडकतात. पेन्सिलीचं शिसं खरवडून घातलेलं बरं.

स्वस्त झाकणांच्या चाव्यांत फारसे प्रकार नसतात. एकाच दुकानातली दोन झाकणं एका चावीने उघडलेली मी पाहिली आहेत. तुम्हीही विकत घेताना एकाची चावी दुसऱ्याला लावून बघा, दुकानदाराला राग येत नाही. हे कुलूप सराईत चोराला थांबवणारं नाही. नळी आणि कॅन घेऊन रात्री सहज हात मारणाऱ्याला ते थांबवतं, आणि रस्त्याकडेच्या गाडीतून डिझेल काढणारा बहुधा असाच असतो.

दोन्ही चाव्या हरवल्या तर झाकणावर ग्राइंडर किंवा ड्रिल चालवू नका. ठिणगीचा धोका तर आहेच, शिवाय लोखंडाचा कीस थेट टाकीत जातो. चावीवाल्याला बोलवा. तो कुलूप उघडतो आणि नवी चावी तिथेच बनवून देतो.

पेट्रोलच्या गाडीला हे लागू आहे का

अर्धंच. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांपैकी ज्यांची टाकी झाकणातून श्वास घेते त्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. त्यानंतरच्या गाड्यांत पेट्रोलच्या वाफा हवेत सोडायला बंदी आली. वाफा कोळशाच्या डब्यात साठवून इंजिनात जाळल्या जातात आणि टाकीची हवा त्या वाटेने ये-जा करते. देशभर १ एप्रिल २०१७पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज ६ लागू झालं आणि ही व्यवस्था कायम राहिली. अशा गाडीचं झाकण मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, त्यात फक्त संकटकाळची झडप असते. त्यावर जुन्या जातीचं उघड्या श्वासाचं झाकण लावलं तर पेट्रोलचा वास येतो, पेट्रोल उडून जातं आणि डब्याच्या यंत्रणेचा उपयोग राहत नाही. या गाड्यांना बहुधा पल्ला आणि खटका असतो. खटका मोडला असेल तर तो दुरुस्त करणं स्वस्त पडतं आणि झाकण मूळचंच राहतं.

पॅकिंगचं मात्र पेट्रोलवाल्यांनी आता नव्याने बघायला हवं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत अधिकृतपणे बाजारात आणलं गेलं. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखानेही इथेनॉल बनवतात, त्यामुळे हा आमच्या घरचाच विषय आहे. जुन्या गाड्यांतली काही रबरं इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. झाकणाचं पॅकिंग चिकट झालं असेल, कडांना भेगा असतील तर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं मागा. दुकानात व्हायटॉन म्हटलं की कळतं.

तळाचा बोल्ट

झाकण पक्कं झालं की चोर खाली वाकतो. टाकीच्या तळाला गाळ काढायचा बोल्ट असतो, साध्या पान्याने सुटणारा. झाकणावर पैसे घालून हा बोल्ट तसाच ठेवणारे फार आहेत. या जीपमध्ये बोल्टच्या डोक्याला आडवं भोक पाडून त्यातून तार ओवली आणि ती बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने ओढेल अशी टाकीच्या ब्रॅकेटला पिळून बांधली. भोक पाडायला बोल्ट काढून बाकावर नेला, टाकीजवळ ड्रिल आणलं नाही. तार कापता येते, पण त्यासाठी गाडीखाली झोपून कटर चालवावा लागतो. तळाचा पाईपही पत्र्याच्या पट्टीने झाकला.

त्यानंतर मालक टाकी फुल करून सावंतवाडीला जाऊन आला. परतीला आंबोली घाट भार घेऊन एका दमात चढला, वर येऊन झाकण उघडलं तेव्हा कसलाही आवाज आला नाही. पारदर्शक पाईपचा तुकडा मी तोवर लावलेलाच ठेवला होता, तो आता काढून टाकला आहे, कारण असा पाईप उन्हाने कडक होऊन तडकतो आणि कायमचा ठेवायचा नसतो. मालकाला दोन कामं लावून दिली आहेत. ऊसतोडीच्या हंगामात दर आठवड्याला झाकण काढून श्वासाच्या झडपेवर फुंकर मारायची, आणि पावसाळ्याआधी पॅकिंग उलटून बघायचं. फीड पंप, फिल्टर आणि पाईप नवेच आहेत, त्यांना हात लावायची गरज पडली नाही. टाकीचा आत ओढला गेलेला पत्रा सध्या तसाच आहे. गळती नाही. काठीचं माप त्यामुळे थोडं चुकतं, म्हणून पंपावर लिटर मोजून टाकी भरत भरत काठीवर नव्या खुणा करून दिल्या आहेत.